एकाच ताग्याचं कापड

३ सप्टेंबर

आलो बाई एकदाचे! ट्रकवाल्याने कपाट उलटं उतरवलं, बशांचा एक डझन नऊवर आला, पण घर झकास आहे. संशोधन केंद्राच्या आवारातच दोन खोल्या आणि लांबट स्वयंपाकघर. ओट्यासमोरच्या खिडकीतून माझे सहाच्या सहा वाफे दिसतात. चहा उकळता उकळता पिकावर नजर ठेवायची, म्हणजे दुधात साखर.

बाबांनी आधी आपलं शिवणयंत्र लावून घेतलं आणि मगच मला गॅस जोडू दिला. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस, दुकान बंद करून दोन वर्षं झाली, पण यंत्राशिवाय त्यांना घर घर वाटत नाही. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. नोकरीच्या मुलाखतीत मी पहिला प्रश्न विचारला होता तो राहायला जागा किती, वडील सोबत असतील, हा. बाबा आल्यापासून चिडवताहेत की एवढी शिकलीस आणि शेवटी चिखलातच हात घालायला आलीस. मी म्हटलं, तुमचे हात तरी कुठे रिकामे असतात?

काम मनासारखं आहे. मुख्य पीक निघालं की जमीन उघडी पडते, ऊन-वाऱ्याने तिचा कस जातो. म्हणून मधल्या काळात आच्छादन पीक पेरायचं. ते खायचं नाही, विकायचं नाही, फक्त मातीवर पांघरूण घालायचं आणि पुढे तिथेच आडवं करून कुजवायचं. सहा वाफ्यांत सहा वेगवेगळी मिश्रणं. कोणत्या मिश्रणाने माती सुधारते, हा प्रयोग एकोणीस वर्षं चालू आहे. माझ्या आधीचे साहेब मध्येच नोकरी सोडून गेले. का, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

५ सप्टेंबर

आज माती पाहिली. पाच वाफे ठीकठाक. चार नंबरचा मात्र दृष्ट लागण्यासारखा! ओट, मोहरी आणि रानवाटाणा यांचं मिश्रण तिथे दरवर्षी जातं. फावडं टेकवलं तर लोण्यात जावं तसं गेलं. काळीभोर, भुसभुशीत, ओलसर माती, पहिल्या पावसानंतर यावा तसा वास. मी वेड्यासारखी मूठभर घेऊन हुंगत बसले. एकच गोष्ट खटकली. इतक्या सुंदर मातीत एकही गांडूळ सापडलं नाही.

मुकादमांची ओळख झाली. केंद्र सुरू झालं तेव्हापासून शेतातली सगळी कामं तेच बघतात. सगळीकडे अनवाणी फिरतात, पण चार नंबरमध्ये उतरताना त्यांनी पिशवीतून कोरे करकरीत गमबूट काढले. बाहेर आल्यावर ते बूट कपाटात कुलूपबंद. मला हसू आलं. प्रत्येकाची काहीतरी खोड असते. उद्यापासून ते अडीच आठवडे रजेवर, लेकीचं बाळंतपण आहे. जाताना दोनदा विचारलं की बाई, जुनं रजिस्टर वाचलंत ना नीट? वाचलं, म्हटलं. आकडे तर तोंडपाठ झालेत.

९ सप्टेंबर

आज घोडं अडलं ते कापडावर.

मातीत जीव किती आहे हे बघायची एक सोपी, स्वस्त युक्ती आहे. सुती कापडाचा तुकडा वजन करून पुरायचा आणि दहा-दहा दिवसांनी एकेक उकरून पुन्हा वजन करायचं. मातीतले जीवजंतू जितके जास्त, तितकं कापड लवकर फस्त. पाच वाफ्यांत तुकडे पुरून झाले आणि चार नंबरला कापड संपलं. स्टोअरवाले म्हणतात, नवा तागा यायला तीन आठवडे. पेरणी तर आजच व्हायला हवी, ओल पळून चाललीय.

रजिस्टरात आधीच्या साहेबांच्या अक्षरात एक ओळ आहे, खाली दोन रेघा मारलेली. कापड कोरंच घ्यावे, अंगावरचे कदापि नको. बरोबरच आहे त्यांचं. घामाचे क्षार, साबण, तेल, यांनी आकडे बिघडतात. म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा. मग वापरलेलं कापड दोनदा उकळलं आणि शुद्ध पाण्यात खळबळून काढलं की झालं.

बाबांनी लगेच आपला निळ्या बारीक रेघांचा शर्ट पुढे केला. आठ वर्षं वापरून मऊसूत झालेला. आई असताना एक तागा आणला होता, त्यातून एक शर्ट त्यांना आणि एक मला शिवला होता. माझा मी अजून आठवड्यातून दोनदा घालते. मी नको नको म्हणत होते, पण ते म्हणाले की कपाटात विरण्यापेक्षा लेकीच्या कामी येऊ दे. आणि कात्री अशी चालवली की तीन तुकडे, मापात एका सुताचाही फरक नाही! एक उजव्या बाहीचा, एक डाव्या बाहीचा आणि एक पुढच्या डाव्या बाजूचा, खिशासकट. कॉलर आणि कफ डब्यात ठेवून दिले; पाठ आणि उजवी बाजू इतकी विरली होती की धागाही निघेना, ती यंत्र पुसायला गेली. शिंपी चिंधी टाकत नाही.

तिन्ही तुकडे उकळले, वाळवले, वजन केले, चार नंबरमध्ये पुरले आणि वरून पेरणी केली. स्वतःवरच खूश आहे आज.

१५ सप्टेंबर

चार नंबर तिसऱ्याच दिवशी उगवला. आज घोट्याएवढा झालाय आणि बाकीचे पाच अजून झोपलेत. केंद्राच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, बांधावर उभ्या राहून फोटो काढत होत्या. एरवी त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं, पण आज म्हणाल्या की तुमच्या पायगुणाने बहर आला.

बाबांच्या उजव्या हाताला मुंग्या येताहेत. यंत्र एकट्याने उचललं असणार. चांगलं खडसावलं मी त्यांना.

१९ सप्टेंबर

उजव्या बाहीचा तुकडा आज बाहेर काढला. दहा दिवसांत एक्केचाळीस टक्के वजन कमी! इतर वाफ्यांत सहा, सात, फार तर आठ. तीनदा वजन केलं. काट्यात दोष नाही.

आणि मुळं. मुळं सहसा कापडाला वळसा घालून जातात. ही एका धाग्याआड एक, वर-खाली, वर-खाली करत गेली होती, ओळीने, टाके घातल्यासारखी. मोठ्या बाईंना फोटो पाठवला तर त्या आनंदाने नाचायच्याच बाकी होत्या. मला मात्र तो तुकडा फार वेळ हातात धरवेना. का कोण जाणे.

सकाळी बाबांच्या हातून कप पडला. कात्री धरता येत नाही म्हणतात. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, काही सापडलं नाही. नस दबली असेल म्हणाले. बाबा हसण्यावारी नेतात, पण जेवताना डाव्या हाताने चमचा धरला आणि मान वर केली नाही. 

२२ सप्टेंबर

हे शांतपणे लिहायला हवं.

आज बाबांना अंघोळीनंतर सदरा घालून देत होते. उजव्या हातावर पांढुरके खड्डे पडलेत. दुखत नाहीत, रक्त नाही, नुसतं मांस कमी झालंय. मनगटाशी तीन बारीक, कोपराखाली एक लांबट, शेंगेच्या आकाराचा.

मी हे खड्डे आधी पाहिले होते.

प्रयोगशाळेत जाऊन तुकड्याचा फोटो घेऊन आले आणि त्यांना झोप लागल्यावर पट्टी लावून मोजलं. तीन बारीक भोकं, एक लांबट. अंतरं तीच. मी आकड्यांची बाई आहे. एक खड्डा जुळला तर योगायोग म्हणेन. चारही जुळले. पट्टी हातातून निसटली आणि बाबा जागे झाले. मी म्हटलं, काही नाही, झोपा.

अजून दोन तुकडे मातीत आहेत. एक खिशाचा आहे.

२४ सप्टेंबर

मुकादम रजेवरून आले. चार नंबरमध्ये कापड कुठलं पुरलंत, विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी हातातली पिशवी बांधावर ठेवली.

म्हणाले, आधीच्या साहेबांचा वापरातला हातमोजा तिथे हरवला होता. पंधरा दिवसांत बोटं बारीक व्हायला लागली. मोजा पुरता संपला तेव्हा थांबलं. तोवर मनगटापर्यंत काही उरलं नव्हतं. अंगचं काही गेलं की ही माती त्या अंगाचा माग काढते, असं त्यांचं म्हणणं. मी ओरडले त्यांच्यावर. मग सांगितलं का नाही? ते खालमानेनेच म्हणाले की दोनदा विचारलं होतं बाई, तुम्ही वाचलं म्हणालात.

वाचलंच होतं. दोन रेघा मारलेली ओळ वाचली, आणि वर आपलं शहाणपण चालवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. पण माझा बैल नाही गेला, माझे बाबा —

तुकडे उकरायलाही धजत नाही; पहिला काढूनही हात भरला नाही, ओढाताणीत आणखी काही गेलं तर? मोजा मनगटाशी संपतो. खिशाच्या मागे काय असतं?

२६ सप्टेंबर

देवा, आशा आहे!

बाहीचा तुकडा मी पुन्हा मोजायला घरी आणून टेबलावर विसरले होते. बाबांचा हात शिवशिवला. भोक दिसलं आणि शिंपी गप्प बसला, असं होतच नाही. डब्यातल्या कॉलरचे आणि कफांचे धागे उसवून, डाव्या हाताने, दिवसभर बसून त्यांनी रफू केलं. सगळं संपवलं त्यात. रफूला धागा त्याच कापडाचा लागतो, परका धागा कापडाला खेचतो, हे त्यांचं जुनं तत्त्व.

संध्याकाळी त्यांनी उजव्या हाताने कप उचलला. खड्डे भरलेत. कातडीवर उभ्या-आडव्या बारीक रेघा आहेत, अगदी जवळून पाहिलं तर दिसतात.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. ते हात उजेडात धरून म्हणाले की टाका जमलाय मात्र. आम्ही दोघं हसलो आणि मग मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले.

उद्या उरलेले दोन्ही तुकडे काढायचे.

२७ सप्टेंबर

चूक झाली. फार मोठी.

डावी बाही काढताना मुळं सोडेनात. मी कात्रीने कापायला लागले. पहिलं मूळ तोडलं तशी घरातून किंकाळी आली. खिडकी उघडी होती. मी दचकून हात मागे घेतला, त्या हिसक्याने तुकडा फाटला. चिंध्या झाल्या. रफू करायला काही उरलंच नाही.

बाबांचा डावा हात खांद्यापासून लुळा पडलाय. थंडगार आहे. ते म्हणतात, उजवा आहे ना, तोच कामाचा. माझी समजूत घालताहेत. मी काय करून बसलेय आणि समजूत माझी घालताहेत.

खिशाचा तुकडा ओढायचा नाही. एकही मूळ तोडायचं नाही.

२९ सप्टेंबर

बाबांना धाप लागते. पलंगापासून मोरीपर्यंत दोनदा थांबतात. खोकला.

मुकादमांनी आणि मी मिळून मातीचा अख्खा ठोकळा उचलला, हातभर लांबून कापून, पिकासकट. मोठ्या टबात घालून स्वयंपाकघरात आणला. ठोकळा हलला तेव्हा बाबांनी छाती धरली, पण ओरडले नाहीत. मऊ ब्रशने माती झाडत गेले. दुपारी कापड दिसलं. खिशाची दुहेरी शिवण शाबूत आहे. बाकी जाळी झालीय. जाळीतून मुळं आहेत आणि ती —

धपापताहेत. बाबांच्या श्वासाबरोबर.

मोठ्या बाईंचा फोन आला. चार नंबरला खड्डा कुणी पाडला, एकोणीस वर्षांचा प्रयोग आहे, आजच्या आज ठोकळा परत ठेवा. मी फोन ठेवून दिला.

३० सप्टेंबर

मुळांसकटच रफू करायचं ठरवलं, टबात, जागच्या जागी. बाबांना बसवत नाही, तेव्हा सुई माझ्या हातात. मला साधं बटण लावता येत नाही, ही त्यांची जन्माची तक्रार.

रिळाचा नवा पांढरा दोरा घेतला. पहिला टाका घातला आणि बाबांची छाती आत ओढली गेली. श्वासच येईना. ओठ निळे. मी टाका उसवला तेव्हा कुठे —

परका धागा खेचतो. त्याच कापडाचा हवा. डबा रिकामा आहे. कफ संपले, कॉलर संपली.

त्याच ताग्याचं कापड कुठून आणू?

१ ऑक्टोबर, सकाळ

काखेत कळसा! माझा शर्ट. दोरीवरच आहे. निळ्या बारीक रेघांचा.

१ ऑक्टोबर, दुपार

उजव्या कफाचे धागे काढले. बाबा उशीवरून सांगत गेले. एकावरून, एकाखालून, दोरा ओढू नको, बसू दे. बोटं टोचून चाळण झाली. बेचाळीस धागे. शेवटचा बसला तशी धाप थांबली. बाबांनी अर्धी वाटी भात खाल्ला. मग माझे टाके पाहायला मागितले आणि म्हणाले की शिकाऊ पोराला अशा रफूबद्दल दुकानातून हाकललं असतं.

इतकं हसले मी. इतकं बरं वाटलं.

२ ऑक्टोबर

बाबा स्वतः उठून खिडकीशी बसलेत. गालावर रंग आलाय.

टबातला ओट एका रात्रीत वीतभर वाढलाय. घरात. उन्हाशिवाय.

माझ्या उजव्या बोटांना मुंग्या येताहेत. सुई धरून असेल.

तीच तारीख, नंतर

सुई धरून नाही.

तो शर्ट मी आठ वर्षं घातलाय. धागे उकळलेही नाहीत. नुसते काढले आणि मातीत — अंगावरचे कदापि नको — दोन रेघा — दुसऱ्यांदा, तीच चूक, मीच —

३ ऑक्टोबर

मनगटावर उभ्या खाचा पडल्यात. एकेक धाग्याएवढ्या. मोजल्या नाहीत. बेचाळीसच असणार.

मुकादम म्हणाले, तुमचे धागे ओढून काढा, सुटाल. हो, सुटेन. आणि ती जाळी पुन्हा उघडी पडेल. बाबांच्या छातीवरची. नाही. मोजा मनगटाशी संपतो, कफही मनगटाशीच संपेल. एक हात गेला तर जाऊ दे. बाबा राहतील.

त्यांना कळू द्यायचं नाही. हात खिशात ठेवते.

४ ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर —

बाबांनी पाहिलं. बाहीचं माप घेणारा माणूस, आधी मनगटच बघतो. किती वेळ लपणार होतं.

 हातमोजा, साहेब, सगळं पुन्हा सांगितलं मी. एक हातच जाईल म्हटलं. ते म्हणाले, लेकीचा हात असा जाऊ देणारा बाप मी नाही. सुईत दोरा ओवून हवाय त्यांना.

दोरा नाही म्हटलं. माझा उरलेला शर्ट मी मुद्दाम जाळून टाकला सकाळी, आणखी काही मातीत जायला नको म्हणून. त्याच ताग्याचं आता जगात काही नाही.

ते म्हणाले, ताग्याचं नसलं तर नसू दे, धुऊन धुऊन मऊ झालेलं असलं की चालवून घेता येतं, तुझे धागे एकेक काढतो आणि त्या जागी माझे भरतो.

तीच तारीख

टबाशी बसलेत. जमिनीवर. ओट त्यांच्या खांद्याच्या वर —

सुई दातात धरलीय. एका हाताने काम.

नका म्हणतेय मी. ओढतेय त्यांना, माझी बोटं वळत नाहीत. बाबा, उठा. बाबा, मला नकोय हात —

हसले. म्हणाले, भोक दिसलं की शिंपी —

अंगातला शर्ट. स्वतःच्या अंगातला. शिवण उसवताहेत, छातीवरची, धागा निघाला, लांबच्या लांब, आणि ते तो ओला करायला ओठांत — बाबा नका, तो मातीत नका —